मुंग्या घराबाहेर ठेवायच्या तर: मराठवाड्यातल्या घरगुती उपायांचा आढावा

लातूर-नांदेडकडे घरात मुंग्या होण्याचे तीन मोसम आहेत. पहिला एप्रिल-मेचा. पारा ४२ अंशांच्या वर गेला की वरच्या जमिनीतली ओल संपते आणि मुंग्या माठाच्या तिवईखाली, कूलरच्या टाकीपाशी, मोरीच्या कडेला जमतात. दुसरा मृगाचा. पहिल्या दमदार पावसाचं पाणी बिळात शिरतं आणि अंडी-पिल्लं तोंडात धरून अख्खं बिऱ्हाड भिंतीवर चढतं. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस जवळ आला, हा इथल्या म्हाताऱ्या माणसांचा ठोकताळा. तिसरा मोसम दिवाळीचा. फराळाच्या डब्याचं झाकण जरा सैल राहिलं की सकाळी ओट्यापासून फडताळापर्यंत रांग लागलेली असते.

उपायांची यादी मात्र प्रत्येक घरात तयार असते. साखरेच्या डब्यात लवंग, दाराशी हळद, फडताळात कापूर, कोपऱ्यात राख, पाण्याच्या परातीत ठेवलेला गुळाचा डबा, आणि काहीच चाललं नाही तर खडूची रेघ. यातलं काय चालतं, का चालतं आणि किती वेळ, याचा एकदा नीट हिशेब मांडायला हवा. तो मांडला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. जुन्या उपायांपैकी खरे कामाचे उपाय वासाचे नव्हते. ते वाट अडवण्याचे, भेगा बुजवण्याचे आणि रोज हात चालवण्याचे होते. घरं बदलली तशी ती कामं सुटली आणि वासाचे उपाय तेवढे हाती उरले.

आधी मुंगी ओळखा

भारतात मुंग्यांच्या आठशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. घरात त्रास देणाऱ्या त्यातल्या मोजक्या, पण त्यांच्या खोडी वेगवेगळ्या. मोठा काळा मुंगळा, ज्याला आपल्याकडे डोंगळाही म्हणतात, तो बाहेर झाडाच्या मुळाशी राहतो आणि रात्री गोडाच्या वासाने आत येतो. सैरावैरा पळणाऱ्या लांब पायांच्या काळ्या मुंग्या भिंतीच्या कडेने, कुंडीखाली, फरशीखाली बिऱ्हाड करतात. चावली की आग होते ती लाल आगमुंगी जमिनीत घर करते, मातीचा भुसभुशीत ढीग बाहेर काढते, आणि तिला साखरेइतकेच शेंगदाणे, तेल, तीळही लागतात. सगळ्यात चिवट म्हणजे दोन मिलिमीटरची पिवळसर फॅरो मुंगी. ती स्विचबोर्डात, चौकटीच्या फटीत, गादीच्या घडीतही राहते. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. ब्रिटनमधल्या रुग्णालयांत ही मुंगी रोगजंतू वाहून नेते, असं १९७२ साली तिथल्या अभ्यासाने दाखवलं होतं, त्यामुळे बाळंतिणीच्या खोलीत किंवा आजारी माणसाच्या खाटेपाशी ती दिसली तर हयगय करू नये.

वाळवीची गोष्ट वेगळी. तिला पांढरी मुंगी म्हणत असले तरी ती मुंगीच्या कुळातली नाही, उलट झुरळाच्या जवळची आहे. लाकडावर मातीचे बोगदे दिसले तर या लेखातला एकही उपाय लागू नाही.

कोणती मुंगी हे कळलं नाही तरी तिला काय हवंय हे सहज कळतं. कागदाच्या तीन तुकड्यांवर साखरेच्या पाण्याचा थेंब, शेंगदाण्याच्या कुटाची चिमूट आणि साध्या पाण्याने भिजवलेला कापूस ठेवा. तासाभरात गर्दी कुठे होते ते पाहा. मे महिन्यात पुष्कळदा ती साध्या पाण्यापाशी असते. तिथे साखरेचा डबा कितीही घट्ट लावला तरी उपयोग नाही. गळका नळ आणि माठाखालची ओल बघावी लागेल. लातूरला तर हे विशेष लागू पडतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर. पाणी साठवून ठेवायची इथल्या घरांची सवय जुनी आहे, आणि भरलेल्या ड्रमच्या बुडाशी झिरपणारी ओल हाच मुंग्यांचा उन्हाळी पाणवठा.

काळी माती, शहाबादी फरशी आणि बदललेलं घर

इथला प्रश्न समजायचा तर जमीन बघावी लागते. दोन्ही जिल्ह्यांत बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर बांधलेल्या घराचं जोतं दरवर्षी थोडं हलतं. भिंत आणि फरशी यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते, आणि दोन मिलिमीटरच्या मुंगीला तेवढी फट पुरते. शहाबादी फरशीच्या घरात हे डोळ्यांनी दिसतं. सकाळी झाडताना दोन फरश्यांच्या सांध्यावर बारीक, कोरड्या मातीची चिमूटभर रास सापडते. झाडून टाकली तरी दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा. फरशीखालच्या मुरमात मुंग्या घर कोरत असतात आणि उकरलेली माती त्या सांध्यातून कण-कण वर आणून टाकतात. ही रास म्हणजे त्यांच्या दाराचा पत्ता. तिथे हळद टाकण्यापेक्षा तो सांधा उकरून पांढरं सिमेंट भरणं शहाणपणाचं.

जुन्या माळवदाच्या घरात मुंग्या नव्हत्या असं मुळीच नाही. दगड-मातीच्या भिंतींना फटी भरपूर होत्या. पण त्या घराबरोबर कामांची एक रीतही होती. शेणामातीने जमीन सारवायची, भिंतीचा पोपडा लिंपायचा, म्हणजे भेगा वरचेवर बुजत. सारवणातल्या शेणाने मुंग्या पळत असोत वा नसोत, भेग बुजे हे नक्की. दूध-दही शिंक्यावर टांगलेलं असे. गूळ उतरंडीच्या मडक्यात, वर झाकण आणि झाकणाला कापड. चुलीत तुराट्या-पऱ्हाट्या जळत, त्यामुळे राख हाताशी असे.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर दगड-मातीच्या भिंतींची लोकांनी धास्ती घेतली, आणि ती योग्यच होती. पुनर्वसित गावांत सिमेंटची घरं आली. इतर गावांतही नवं घर म्हणजे स्लॅबचं नाहीतर पत्र्याचं असं ठरून गेलं. जीव वाचवण्यासाठी हे आवश्यक होतं. पण पक्कं घर म्हणजे बिनभेगांचं घर असा एक गैरसमज सोबत आला. सिमेंटची भेग सारवून बुजत नाही. ती कोणीतरी मुद्दाम भरावी लागते. शिंकी गेली, ओट्यावर डबे भिंतीला टेकून उभे राहिले, गॅस आला आणि राख संपली. आधीच्या रीतीतलं काम गेलं, त्याच्या जागी नवं काम आलं नाही.

रांग कशामुळे लागते

एका मुंगीला अन्न सापडलं की ती परत जाताना पोट जमिनीला टेकवत गंधाची रेघ ओढते. १९५९ साली अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी आगमुंग्यांच्या पोटातल्या एका सूक्ष्म ग्रंथीचा अर्क काढून त्याची कृत्रिम रेघ ओढली, आणि मुंग्या त्या रेघेवरून चालू लागल्या. जाणारी प्रत्येक मुंगी तो गंध ताजा करते. म्हणून रांग झाडूने झटकली की दहा मिनिटांत ती पुन्हा लागते. मुंग्या गेल्या, वाट राहिली.

यावरचा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे साबणाचं पाणी. भांडी घासायच्या साबणाचं फेसाळ पाणी फडक्यावर घेऊन ओट्यावरच्या खाद्यापासून भिंतीतल्या फटीपर्यंत पूर्ण वाट पुसून काढायची. व्हिनेगर आणि पाणी समसमान घेतलं तरी चालतं, पण ते शहाबादी फरशीवर वापरू नये. ती चुनखडीचा दगड आहे, आम्लाने तिची झिलई जाते. लिंबाच्या रसाचंही तेच.

पुसण्याआधी रांग कुठून येते ते शेवटपर्यंत बघून घ्यावं. एकदा पुसलं की तिचा माग लागत नाही.

वासाचे उपाय: थोडा वेळ, थोडी जागा

लवंग, दालचिनी, लसूण, कापूर, पुदिना, लिंबाची साल हे उपाय अगदीच खोटे नाहीत. लवंगेतलं युजेनॉल आणि दालचिनीचं तेल मुंग्यांना नकोसं असतं, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. लिंबू-मोसंबीच्या सालीतल्या तेलात लिमोनिन असतं, तेही कीटकांना बाधतं. पण ते तेल सालीत असतं, रसात जवळजवळ नसतं. म्हणून फटीपाशी लिंबू पिळण्यापेक्षा ताजी साल चोळणं बरं.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे हे वास उडून जातात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. साखरेच्या बंद डब्यात चार लवंगा काही दिवस काम देतात, कारण डबा बंद आहे. उघड्या ओट्यावर त्यांचा असर फार टिकत नाही. दुसरी अडचण मोठी आहे. वासाने मुंगी मरत नाही, वाट बदलते. फॅरो मुंगीच्या बाबतीत उग्र वास किंवा फवारा उलटा पडतो. त्रास झाला की तिची वसाहत फुटते, राण्या आणि पिल्लं घेऊन निरनिराळे गट निघतात आणि एका घराची दोन-तीन घरं होतात. स्वयंपाकघरातून हुसकावल्यावर मुंग्या न्हाणीघरात आणि देवघरात दिसू लागल्या की हेच झालेलं असण्याची दाट शक्यता.

कापूर आणि डांबरगोळ्या यांबद्दल सावध राहायला हवं. कापूर लहान मुलाने खाल्ला तर आकडी येऊ शकते. डांबरगोळी नैसर्गिक नाही, ती अन्नाजवळ ठेवायची वस्तू नाही आणि काही बाळांच्या रक्ताला ती गंभीर बाधते.

पाणी आणि पावडर: अडवणुकीचे उपाय

परातीत पाणी आणि मध्ये डबा हा उपाय आजही सगळ्यांत भरवशाचा आहे. त्यात तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. डबा भिंतीला किंवा शेजारच्या डब्याला टेकता कामा नये. पाण्यावर पीठ-धुळीची साय धरली की बारीक मुंग्या तिच्यावरून चालत जातात, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकावा आणि ते दोन-तीन दिवसांनी बदलावं. बदलण्याचं आणखी एक कारण डास आहेत. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. लातूर-नांदेडला बारावी-नीटच्या तयारीसाठी भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मुलांना घरून आलेला फराळ सांभाळायचा तर याहून चांगला उपाय नाही. पाळण्याचे, खाटेचे पायही असेच वाटीत ठेवता येतात.

राख, हळद, खडूची भुकटी, टाल्कम पावडर यांचं काम वासाचं कमी आणि पायांचं जास्त आहे. मुंगीच्या पायाला चिकटणाऱ्या गाद्या असतात, त्यांच्या जोरावर ती गुळगुळीत भिंत चढते. बारीक पावडर त्या गाद्यांना लागली की पकड सुटते. म्हणूनच मुंग्या पाळणारे अभ्यासक डब्याच्या आतल्या कडेला स्पिरिटमध्ये कालवलेली टाल्कम पावडर लावतात. मुंगी वर चढते आणि घसरून खाली पडते. यातून घरासाठीही एक धडा मिळतो. पावडर उभ्या पृष्ठभागावर काम करते. जमिनीवर ओढलेल्या हळदीच्या रेघेला मुंगी वळसा घालते, आणि ती रेघ ओली झाली किंवा पायाने तुटली की संपली. टेबलाच्या पायावर, कपाटाच्या उभ्या कडेवर पावडर लावा, निदान काही दिवस तरी फळ मिळेल. हळद महाग पडते आणि डाग पाडते, त्यामुळे हे काम टाल्कम पावडरीलाच द्यावं, पण तान्ह्या बाळाच्या नाकातोंडात ती जाऊ देऊ नये.

रव्याचा समज आणि बोरिकचं खाद्य

रवा किंवा मक्याचा भरडा टाकला की तो मुंगीच्या पोटात फुगतो आणि ती मरते, हा समज घरोघरी आहे. तो खरा नाही. कामकरी मुंगी घन कण गिळतच नाही. तिच्या तोंडात गाळणी असते, ती फक्त द्रव पोटात घेते. घन अन्न ती पिल्लांना नेऊन देते आणि पिल्लं ते पचवतात. म्हणजे रवा टाकून आपण वसाहतीला जेवायला घालतो.

मुंग्यांना साखर-पीठ घालणं हा कित्येकांच्या घरचा धर्म आहे, आणि इथल्या जैन घरांत तर मुंगी मारायचीच नाही हा नेम. त्यांच्यासाठी पुसणं, बुजवणं, पाण्याची परात आणि मऊ झाडूने बाहेर काढणं हेच उपाय खरे. साखर घालायचीच तर ती जोत्यापासून लांब, झाडाच्या बुंध्याशी घालावी.

ज्यांना वसाहत संपवायची आहे त्यांच्यासाठी एकच घरगुती उपाय मुळापर्यंत जातो, तो म्हणजे बोरिक पावडरीचं गोड पाणी. त्याचं मर्म मंदपणात आहे. मुंगी ते पिऊन लगेच मरत नाही, बिळात परतते आणि तोंडाने इतरांना, पिल्लांना, राणीला भरवते. अर्धा लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम बोरिक पावडर, म्हणजे साधारण एक टक्का. जास्त घातली तर मुंग्या वाटेतच मरतात आणि खाद्य राणीपर्यंत पोचत नाही. या पाण्यात भिजवलेला कापूस छिद्रं पाडलेल्या छोट्या डबीत, रांगेच्या कडेला ठेवावा. पहिले दोन दिवस गर्दी वाढते, तेव्हा घाबरून पुसू नये आणि जवळपास लवंग-कापूर ठेवू नये. असर दिसायला आठवडे लागतात, कापूस मधूनमधून ताजा करावा लागतो.

पावडर औषधाच्या दुकानातूनच घ्यावी. बोरिक खनिजापासून मिळतं, म्हणून त्याला नैसर्गिक म्हणतात, पण ते पोटात गेलं तर माणसालाही विष आहे. मुलांचा, कुत्र्या-मांजरांचा हात-तोंड पोचेल तिथे डबी ठेवायची नाही, आणि मिश्रण स्वयंपाकाच्या भांड्यात करायचं नाही.

अंगणातलं मूळ

पुष्कळदा मुंग्यांचं खरं जेवण घरात नसतं. ते दारातल्या जास्वंदीवर, सीताफळावर, पेरूवर असतं. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण बसलेला असतो, तो गोड चिकटा सोडतो आणि मुंग्या तो चाटतात. बदल्यात त्या त्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. नांदेडच्या कापूस उत्पादकांना ही जोडी चांगली ठाऊक आहे. साधारण २००५ नंतर कपाशीवर जो पिठ्या ढेकूण पसरला, त्याची १८९८ साली अमेरिकेत पहिली नोंद झाली तीच मुळी आगमुंग्यांच्या बिळातून.

घराला टेकलेली फांदी म्हणजे मुंग्यांचा पूल. ती छाटावी. झाडावर साबणाच्या पाण्याचा जोरकस फवारा मारावा. निंबोळीचा पाच टक्के अर्क, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळलेला, या किडीवर उपयोगी आहे. हाच अर्क घरातल्या मुंग्यांवर फारसा चालत नाही. कडुलिंबाची जागा धान्याच्या कणगीत आणि झाडाच्या पानावर आहे. बुंध्याला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावलं की मुंग्या वर जात नाहीत.

अंगणातल्या बिळात उकळतं पाणी ओतणं हाही उपाय आहे. अमेरिकेत आगमुंग्यांच्या ढिगांवर तो करून पाहिला तेव्हा सुमारे ६० टक्के वसाहती संपल्या. पण तो जोत्यापाशी करू नये, काळ्या मातीत पाया भिजणं घराला परवडत नाही.

पावडरी आणि खडू

शेतकऱ्याच्या घरात शेतातलं औषध सहज हाताशी असतं, आणि तीच मोठी धोक्याची जागा आहे. गमॅक्सीन म्हणून ओळखली जाणारी बीएचसी पावडर एके काळी भिंतीच्या कडेने सर्रास टाकली जाई. तिच्यावर भारतात १९९७ साली बंदी आली. २०१७ साली नांदेडच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले, ते उघड्या शेतात. बंद स्वयंपाकघरात असं औषध टाकणं त्याहून वाईट. मुंग्या-झुरळांसाठी मिळणारा खडूही साधा खडू नाही, त्यात कीटकनाशक असतं. मुलांना तो शाळेतल्या खडूसारखा दिसतो. वापरायचाच तर ओट्यावर, डब्यांवर, पाळण्याच्या पायाला रेघ ओढू नये.

कामाचा क्रम

सगळं पाहिल्यावर एक क्रम हाती लागतो. मे महिन्यात, भेगा पुरत्या उघडलेल्या असताना, घराला एक फेरी मारायची. फरशीचे सांधे पांढऱ्या सिमेंटने, भिंतीच्या भेगा सिमेंट-वाळूने आणि जिथे घर हलतं त्या चौकटीच्या कडा सिलिकॉनने बुजवायच्या, कारण तिथे कडक सिमेंट पुन्हा फुटतं. टेकलेल्या फांद्या छाटायच्या. गळके नळ बदलायचे. रोज रात्री ओटा साबणाच्या पाण्याने पुसायचा, खरकटं झाकायचं. गोडाचे डबे पाण्याच्या परातीत ठेवायचे. एवढं करूनही रांग लागली तर बोरिकचं खाद्य. लवंग सगळ्यांत शेवटी, बंद डब्यापुरती.

अंगणातल्या आणि शेतातल्या मुंग्यांना मात्र हात लावू नये. त्या वाळवी खातात, किडींची अंडी उचलून नेतात, माती पोकळ करतात. दाराच्या आत यायला मुंगीला मनाई, बाहेर तिचं काम तिला करू द्यावं.

या यादीत महाग असं काही नाही, पण वेळ लागणारं पुष्कळ आहे, आणि आजवर तो वेळ बहुतेक बायकांनीच दिला. सारवणं त्यांनी केली, उतरंडी त्यांनी सांभाळल्या, आणि मुंग्या झाल्या की बोलणीही त्यांनीच खाल्ली. नव्या घरातलं काम निराळं आहे. त्यात करणी हातात घेणं आहे, शिडीवर चढणं आहे, नळ खोलणं आहे, फांद्या तोडणं आहे. ही कामं घरातल्या पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी मृगाआधी उरकली, तर साखरेच्या डब्यात लवंग टाकायची वेळ क्वचितच येईल.